लखलखत्या वाटेचा वाटसरू : जिम थॉर्प

अमेरिकन फुटबॉल हा खेळ नावाला पायाचा. प्रत्यक्षात तो हातांचाच अधिक. चेंडू काखोटीला मारून धावायचे, नाही तर दूर उभ्या सहकाऱ्याकडे फेकायचा आणि समोरच्याने अंगावर झेप घेऊन लोळवेपर्यंत पुढे सरकत राहायचे. चेंडूला पाय लागतो तो मोजक्याच प्रसंगी. त्यातला एक म्हणजे ‘पंट’. ठरलेल्या प्रयत्नांत आवश्यक ते अंतर कापता येणार नाही असे दिसू लागले, की संघ चेंडू एका खेळाडूच्या हाती सोपवतो. तो चेंडू हातातून सोडतो आणि जमिनीला टेकण्याआधीच त्याला अशी लाथ हाणतो, की प्रतिपक्षाला आपली चढाई शक्य तितक्या मागून सुरू करावी लागावी. आजचे व्यावसायिक संघ एवढ्याच कामासाठी एक खेळाडू पदरी बाळगतात. सामन्यात चार-पाच वेळा तो मैदानात येतो, लाथ मारतो आणि पुन्हा बाकावर जाऊन बसतो.

शंभर वर्षांपूर्वी मात्र पंट हे हतबलतेचे नव्हे, तर डावपेचाचे अस्त्र होते. चेंडू पुढे फेकण्याची मुभा १९०६ मध्ये मिळाली खरी, पण ती अनेक अटींनी जखडलेली होती. १९१२ पर्यंत मैदान ११० यार्डांचे होते आणि अंतर कापण्यासाठी प्रयत्नही तीनच मिळत. अशा खेळात लांब आणि उंच पंट मारणारा खेळाडू म्हणजे संघाचा तोफखानाच. त्या काळातल्या या तोफखान्याचा सर्वात मोठा मानकरी होता जिम थॉर्प. तो पंट मारी, चेंडू टप्पा घेताच लाथेने गोलखांबांतून पार करी, चेंडू घेऊन धावे, धावणाऱ्यांना लोळवी आणि ऋतू बदलला की बेसबॉलही खेळे. या सर्वांच्या मध्येच कधी तरी तो ऑलिम्पिकला गेला, दोन सुवर्णपदके जिंकून आला आणि सहा महिन्यांत ती गमावूनही बसला. जगाला तो या पदकांमुळे ठाऊक आहे. अमेरिकेतल्या फुटबॉलवेड्यांना मात्र तो ठाऊक आहे, तो त्याच्या पायांमुळे.

ओक्लाहोमा आज अमेरिकेतले एक राज्य आहे. थॉर्प जन्मला तेव्हा तो ‘इंडियन टेरिटरी’ नावाचा प्रदेश होता. पूर्वेकडच्या सुपीक जमिनींवरून हुसकावून लावलेल्या मूळ रहिवाशांच्या जमातींना, म्हणजे ज्यांना आपण आजवर रेड इंडियन म्हणत आलो त्यांना, तेथे आणून वसवण्यात आले होते. थॉर्प त्यातल्या सॅक अँड फॉक्स जमातीचा. त्याचे जन्मवर्ष कोणी १८८७ सांगतात, कोणी १८८८. वडील हायरम हे आयरिश वंशाचा बाप आणि सॅक अँड फॉक्स आई यांचे अपत्य. आई शार्लटच्या अंगात फ्रेंच आणि पोटावाटोमी रक्त. घरात कॅथलिक धर्म पाळला जाई आणि जमातीची रीतही. मुलाला जमातीच्या भाषेत नाव मिळाले वा-थो-हक. विजेच्या लखलखाटाने उजळलेली वाट, असा काहीसा त्याचा अर्थ.

त्या वाटेवर आरंभापासूनच अंधार दाटून आला. जुळा भाऊ चार्ली नऊ वर्षांचा असताना आजारात गेला. शाळेत जिमच्या जोडीला असलेला, धडे समजावून देणारा तो एकच सोबती. त्यानंतर जिम शाळेत रमला नाही; पुनःपुन्हा पळून घरी येऊ लागला. पुढे आई बाळंतपणात गेली. वडिलांनी त्याला कॅन्ससमधल्या हॅस्केल संस्थेत धाडून पाहिले. अखेर १९०४ मध्ये तो घरापासून शेकडो मैल दूर, पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूलमध्ये दाखल झाला. त्याच वर्षी वडीलही वारले.

कार्लाइलविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण थॉर्पच्या आयुष्यातले वरदान आणि शाप दोन्ही तेथलेच. रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये एका जुन्या छावणीत ही निवासी शाळा काढली. मुलांमधला ‘इंडियन’ पुसून टाकला तरच आतला माणूस वाचेल, अशी त्यांची धारणा होती. शाळेत येताच मुलांचे केस कापले जात, अंगावर गणवेश चढे, मातृभाषेत बोलण्यास बंदी असे आणि नावेही बदलली जात. अर्धा दिवस अभ्यास आणि अर्धा दिवस कारागिरी. मधल्या काळात मुलांना गोऱ्या शेतकऱ्यांकडे नाममात्र मजुरीवर कामाला पाठवत. थॉर्पनेही अशी मजुरी केली. आपली संस्कृती हिरावून घेतली जात असतानाच या मुलांना तेथे एक गोष्ट मात्र मनसोक्त मिळाली, ती म्हणजे फुटबॉल. हार्वर्ड, येल, पेनसिल्व्हेनिया यांसारख्या धनाढ्य विद्यापीठांच्या संघांशी ही आडदेशीची मुले खेळत आणि पुष्कळदा त्यांना धूळ चारीत. तिकीटविक्रीचा मोठा पैसा शाळेला मिळे, तो वेगळाच. संघाचे प्रशिक्षक होते ग्लेन वॉर्नर, ऊर्फ ‘पॉप’ वॉर्नर. या खेळातल्या अनेक युक्त्यांचे ते जनक मानले जातात.

थॉर्प वॉर्नर यांच्या नजरेस पडला त्याची कथा कार्लाइलमध्ये दंतकथेसारखी सांगितली जाई. १९०७ मधली ती गोष्ट. मैदानात उंच उडीचा सराव चालू होता आणि पाच फूट नऊ इंचांवरची काठी कोणालाच ओलांडता येत नव्हती. कामाचे जाडेभरडे कपडे घातलेला थॉर्प शेजारून चालला होता. त्याने सहज म्हणून उडी मारली, काठी ओलांडली आणि आपल्या वाटेने निघून गेला. दुसऱ्याच दिवशी वॉर्नर यांनी त्याला बोलावून घेतले. फुटबॉलला मात्र ते त्याला हात लावू देईनात. धावण्या-उडण्यातला आपला हुकमी एक्का कोणाच्या तरी धडकेने जायबंदी होईल, ही त्यांना धास्ती. थॉर्पने हट्टच धरला, तेव्हा त्यांनी सरावात चेंडू त्याच्या हाती दिला आणि पकडायला सगळा संघ सोडला. तो साऱ्यांना चुकवून पार गेला. पुन्हा करायला लावले, पुन्हा गेला. विषय तेथेच मिटला.

१९११ आणि १९१२ हे दोन हंगाम थॉर्पच्या फुटबॉलचे सुवर्णयुग. त्याचा पंट किती लांब जातो यापेक्षा तो किती उंच जातो, याचीच चर्चा त्या वेळच्या वार्ताहरांत अधिक होई. नियमानुसार लाथ मारणाऱ्यालाच धावत जाऊन आपला चेंडू पुन्हा ताब्यात घेता येत असे. पण चेंडू खाली येईपर्यंत तेथे पोहोचायचे कसे? थॉर्प पोहोचत असे. चेंडू आकाशात घिरट्या घालीत असताना हा गडी मैदानाचा मोठा पट्टा कापून त्याच्याखाली हजर. १९११ मध्ये पिट्सबर्गच्या संघाविरुद्ध त्याने हा खेळ करून दाखवला, तेव्हा तेथल्या पत्रकारांना शब्द अपुरे पडले. लांब पंट आणि वेगवान पाय एकाच माणसाला लाभले तर काय होते, याचे ते प्रात्यक्षिकच होते.

त्याच हंगामात ११ नोव्हेंबरला हार्वर्डशी सामना झाला. हार्वर्डचा संघ देशातल्या बलाढ्य संघांपैकी. कार्लाइलसारख्या शाळेसाठी मुख्य खेळाडू कशाला दमवायचे, अशा विचाराने प्रशिक्षकांनी राखीव खेळाडूंना आधी उतरवले. थॉर्पचा पाय दुखावलेला होता. पट्ट्या बांधून तो खेळला. पायाने मारलेल्या गोलला तेव्हा तीन गुण मिळत. त्या दुखऱ्या पायाने त्याने असे चार गोल केले, त्यातला अखेरचा तर फारच लांबून. हार्वर्डने धावाधाव करून आपले मुख्य खेळाडू उतरवले, पण वेळ निघून गेली होती. कार्लाइल १८, हार्वर्ड १५. गंमत अशी, की पुढच्याच आठवड्यात हाच संघ सिरॅक्यूजकडून एका गुणाने हरला. तेवढा एक पराभव सोडला, तर हंगामातले बाकीचे ११ सामने कार्लाइलने जिंकले.

यानंतर आले स्टॉकहोम.

१९१२ च्या ऑलिम्पिकमध्ये पेंटाथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धांत थॉर्प उतरला. त्याच्याबरोबर कार्लाइलचाच होपी जमातीचा लुइस टेवानिमा होता. त्याने १० हजार मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवले. ७ जुलैला पेंटाथलॉनच्या पाचपैकी चार प्रकारांत थॉर्प पहिला आला. भालाफेकीत तेवढा तिसरा. डेकॅथलॉन तीन दिवस चालली. स्पर्धेच्या ऐन तोंडावर त्याचे बूट गायब झाले. कुठून तरी दोन वेगवेगळे बूट मिळवून त्याने निभावून नेले. एका बुटाचे माप मोठे, म्हणून त्या पायात जादा मोजा. दोन पायांत दोन तऱ्हेचे बूट आणि मोजे घातलेले त्याचे छायाचित्र आजही पाहायला मिळते. चेहऱ्यावर तक्रारीचा लवलेश नाही. दहापैकी चार प्रकारांत तो पहिला आला, चारांत तिसरा आणि दोनांत चौथा. एकूण गुण ८,४१२. दुसरा आलेला स्वीडनचा ह्यूगो विसलँडर जवळजवळ ७०० गुणांनी मागे होता. स्वीडनचे राजे पाचवे गुस्ताव यांनी पारितोषिक देताना त्याला जगातला सर्वश्रेष्ठ क्रीडापटू म्हणून गौरवले, अशी आख्यायिका आहे. न्यूयॉर्कला परतल्यावर ब्रॉडवेवर त्याची मिरवणूक निघाली. हे सारे घडले तेव्हा अमेरिकेतल्या असंख्य मूळ रहिवाशांना त्या देशाचे नागरिकत्वही नव्हते. सरसकट नागरिकत्व देणारा कायदा यायला १९२४ साल उजाडावे लागले.

स्टॉकहोमहून आल्यावर थॉर्प पुन्हा कार्लाइलच्या मैदानात उतरला. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीला तिच्या घरच्या मैदानावर २७-६ असे हरवण्याचा पराक्रम याच हंगामातला. मूळ रहिवासी आणि अमेरिकी लष्कर यांच्यातले रक्तरंजित संघर्ष तोवर विस्मृतीत गेलेले नव्हते. वूंडेड नीच्या हत्याकांडाला जेमतेम २२ वर्षे झाली होती. त्यामुळे या सामन्याला खेळापलीकडचा अर्थ होता, आणि कार्लाइलच्या मुलांना तो कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. लष्कराकडून खेळणाऱ्यांत ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक तरुण होता. पुढे तो अमेरिकेचा अध्यक्ष झाला.

जानेवारी १९१३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका वृत्तपत्राने बातमी छापली. १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यात थॉर्प नॉर्थ कॅरोलायनातल्या एका लहानशा बेसबॉल लीगमध्ये पैसे घेऊन खेळला होता, असा बातमीचा गाभा. बातमी खरी होती. रक्कम अगदीच किरकोळ. त्या काळी महाविद्यालयांतली कितीतरी मुले सुट्टीत अशी खेळत. फरक इतकाच, की ती मुले खोटे नाव लावीत आणि थॉर्प आपल्या खऱ्या नावाने खेळला होता. ऑलिम्पिकचा नियम मात्र कडक होता. ज्याने कोणत्याही खेळासाठी एकदाही पैसा घेतला तो व्यावसायिक, आणि व्यावसायिकाला ऑलिम्पिकचे दार बंद. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रीमंती आहे, त्यांना हौस म्हणून खेळणे परवडते. आईबापाविना वाढलेल्या मुलाने दोन वेळच्या जेवणापुरते पैसे खेळून मिळवले तर तो बाटला! हौशीपणाच्या या सोवळ्याओवळ्याचा पहिला मोठा बळी थॉर्प ठरला.

अमेरिकेतल्या हौशी क्रीडा संघटनेचे सूत्रधार जेम्स सुलिव्हन यांना थॉर्पने पत्र लिहिले. आपण जमातीतला साधा विद्यार्थी, या व्यवहारातली गुंतागुंत आपल्याला ठाऊक नव्हती, इतर जे करीत होते तेच आपण केले, असा त्याचा आशय. पत्राचा मसुदा वॉर्नर यांच्या सल्ल्याने झाला, असे मानले जाते. वॉर्नर आणि शाळेचे प्रमुख या दोघांनीही आपण या प्रकाराबाबत अनभिज्ञ असल्याचे जाहीर केले. संघातला सर्वात गुणी खेळाडू दोन उन्हाळे कुठे होता हे त्याच्या प्रशिक्षकाला माहीत नसावे, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. थॉर्पच्या बहुतेक चरित्रकारांनीही तो ठेवलेला नाही. दोघांची नोकरी आणि अब्रू तेव्हा वाचली, विद्यार्थ्याची गेली. पदके परत मागवण्यात आली. रशियाच्या झारने दिलेला चांदीचा चषकही परत गेला. थॉर्पची नावे विक्रमांच्या यादीतून खोडून दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूंना विजेते घोषित करण्यात आले. वस्तुतः स्पर्धा संपल्यापासून ३० दिवसांच्या आत आक्षेप नोंदवायला हवा, असे स्टॉकहोमच्या नियमावलीतच नमूद होते. आक्षेप आला सहा महिन्यांनी. हे कलम कोणी उघडून पाहिले नाही. पुढची सात दशके ते कागदपत्रांत पडून राहिले.

व्यावसायिक म्हणून शिक्का बसलाच होता, तेव्हा थॉर्पने उघडपणे व्यवसाय पत्करला. न्यूयॉर्क जायंट्स या बेसबॉल संघाने त्याला करारबद्ध केले. १९१९ पर्यंत तो तीन संघांकडून मोठ्या लीगमध्ये खेळला. बेसबॉलमध्ये तो चांगला होता, थोर नव्हता. वळणाऱ्या चेंडूवर त्याची गाळण उडे, असे म्हणत. त्याला गर्दी खेचणारे नाव म्हणून घेतले होते आणि बाकावर बसवून ठेवले होते, हेही तितकेच खरे. अखेरच्या हंगामात नियमित खेळायला मिळाले, तेव्हा त्याची सरासरी ०.३२७ इतकी उत्तम राहिली. दरम्यान १९१८ मध्ये त्याचा चिमुकला मुलगा आजाराने दगावला. त्यानंतर थॉर्प पूर्वीचा राहिला नाही, असे त्याच्या निकटच्यांचे म्हणणे. दारूचे व्यसन याच सुमारास बळावले.

फुटबॉलमध्ये मात्र त्याचे राज्य अबाधित होते. व्यावसायिक फुटबॉल तेव्हा ओहायोतल्या गिरण्या-कारखान्यांच्या गावांतला रांगडा, काहीसा बदनाम खेळ. रविवारी कामगार जमत, पैजा लागत, हाणामाऱ्या होत. महाविद्यालयीन फुटबॉलला जी प्रतिष्ठा होती तिचा येथे मागमूस नव्हता. १९१५ मध्ये कँटन बुलडॉग्ज संघाचे व्यवस्थापक जॅक क्यूसॅक यांनी थॉर्पला सामन्यामागे २५० डॉलर देऊ केले. एवढी रक्कम ऐकून हा माणूस दिवाळखोरीत निघणार, असे त्यांच्या हितचिंतकांना वाटले. पण जेथे हजार-बाराशे प्रेक्षक येत, तेथे मॅसिलॉनविरुद्धच्या सामन्याला हजारोंची झुंबड उडाली. कँटन आणि मॅसिलॉन ही शेजारची गावे, त्यांचे वैर पिढीजात. या वैरात थॉर्पचा पाय कँटनच्या बाजूने पडला आणि १९१६, १९१७ आणि १९१९ अशी तीन वर्षे कँटनने अजिंक्यपदावर दावा सांगितला.

१९१९ च्या निर्णायक सामन्यातला त्याचा पंट ओहायोत बरीच वर्षे लोकांच्या तोंडी होता. कँटन आघाडीवर होते, पण चेंडू त्यांच्याच गोलरेषेपासून अवघ्या पाच यार्डांवर अडकला होता. जरा चूक झाली असती, तर सामना हातचा गेला असता. थॉर्प मागे सरकला. वारा पाठीशी होता. त्याने मारलेला पंट वाऱ्यावर स्वार होऊन घरंगळत घरंगळत ९५ यार्ड गेला, असे सांगतात. त्या काळची मोजमापे आजच्याइतकी काटेकोर नव्हती, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे झाला असेल. पण मॅसिलॉनला मैदानाचे दुसरे टोक गाठून नव्याने सुरुवात करावी लागली आणि सामना तेथेच संपल्यात जमा झाला, याबद्दल वाद नाही. पंट हे कोणते अस्त्र आहे, हे जाणून घ्यायचे असेल तर एवढे एक उदाहरण पुरे.

पुढच्या वर्षी, १७ सप्टेंबर १९२० रोजी, कँटनमध्ये राल्फ हे यांच्या मोटारींच्या दालनात निरनिराळ्या संघांचे मालक जमले. खुर्च्या पुरेनात म्हणून काहींनी मोटारींच्या पायऱ्यांवर बैठक मारली. तेथे एक संघटना स्थापन झाली आणि तिच्या अध्यक्षपदी थॉर्पची निवड झाली. तो काही मोठा प्रशासक नव्हता, किंबहुना मुळीच नव्हता. पण वृत्तपत्रांत छापून येईल असे नाव त्या दालनात त्याचेच होते. वर्षभराने अध्यक्षपद जोसेफ कार या अनुभवी व्यवस्थापकाकडे गेले. १९२२ मध्ये संघटनेचे नाव बदलले : नॅशनल फुटबॉल लीग. आज अब्जावधी डॉलरची उलाढाल करणाऱ्या एनएफएलचा पहिला अध्यक्ष हा ऑलिम्पिकने नाकारलेला ‘व्यावसायिक’ होता.

यानंतरचा एक अध्याय मोठा चमत्कारिक आहे. ओहायोतल्या ला रू या हजारभरही वस्ती नसलेल्या गावात वॉल्टर लिंगो नावाचे गृहस्थ एअरडेल जातीची कुत्री पैदा करून टपालाने विकत. कुत्र्यांची जाहिरात व्हावी म्हणून त्यांनी १९२२ मध्ये एनएफएलमध्ये चक्क एक संघ विकत घेतला. त्याचे नाव ऊरँग इंडियन्स. संघातले सर्व खेळाडू मूळ रहिवासी जमातींचे आणि थॉर्प हा प्रशिक्षक व प्रमुख खेळाडू. मध्यंतरात कुत्र्यांच्या कसरती, जमातींची नृत्ये, कुऱ्हाडफेक असा तमाशा होई. थॉर्पही मैदानाच्या मध्यावर उभा राहून लाथेच्या करामती दाखवी. एकदा या टोकाच्या खांबांतून, मग वळून त्या टोकाच्या. प्रेक्षक सामन्यापेक्षा यासाठीच तिकीट काढीत. दोन हंगामांत संघाने जिंकलेले सामने अवघे चार. एका अर्थाने ती सर्कसच होती. पण कार्लाइल १९१८ मध्येच बंद पडले होते आणि तेथल्या जुन्या सवंगड्यांना एकत्र खेळून पोट भरता येईल अशी दुसरी जागा उरली नव्हती.

त्यानंतर थॉर्प या संघातून त्या संघात फिरत राहिला. १९२८ मध्ये शिकागो कार्डिनल्सकडून तो अखेरचा सामना खेळला, तेव्हा त्याने चाळिशी गाठली होती. त्या दिवशी तो काही मिनिटेच मैदानात होता आणि त्याची सावलीच खेळून गेली, असे पाहणाऱ्यांना वाटले.

मैदान सुटले आणि मंदीचे दिवस आले. तीन लग्ने, सात हयात मुले, हातात पैसा टिकत नसे. मागणाऱ्याला नाही म्हणण्याची सवयही नव्हती. १९३१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रुग्णालयाच्या बांधकामावर कुदळ-फावडे घेऊन खणतानाचे त्याचे छायाचित्र वृत्तपत्रांत झळकले. पुढल्या वर्षी त्याच शहरात ऑलिम्पिक भरले, तेव्हा थॉर्पपाशी तिकिटापुरतेही पैसे नसल्याची बातमी फुटली. अमेरिकेचे उपाध्यक्ष चार्ल्स कर्टिस हे स्वतः कॉ जमातीचे वंशज. त्यांच्यासोबत तो स्टेडियममध्ये बसला आणि प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्यांचा कडकडाट केला. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा रोजगाराचा शोध होताच. हॉलिवूडमध्ये त्याला जमातींच्या सरदाराची वगैरे चिल्लर कामे मिळत. अशा भूमिका रंग फासलेल्या गोऱ्यांना न देता खऱ्या मूळ रहिवाशांना द्याव्यात, म्हणून त्याने तेथे खटपट केली. त्याच्या आयुष्याचा हा भाग फारसा सांगितला जात नाही. वास्तविक त्याच्या स्वभावावर तोच अधिक प्रकाश टाकतो.

१९५० मध्ये असोसिएटेड प्रेसने अमेरिकेतल्या क्रीडापत्रकारांचा कौल घेतला. अर्धशतकातला सर्वश्रेष्ठ फुटबॉलपटू कोण? थॉर्प. सर्वश्रेष्ठ क्रीडापटू कोण? पुन्हा थॉर्पच, बेब रूथ दुसऱ्या स्थानी. पुढल्या वर्षी त्याच्यावर चित्रपट निघाला, बर्ट लँकेस्टरने त्याची भूमिका केली. चित्रपटाचे हक्क थॉर्पने फार पूर्वीच कवडीमोलाने विकून टाकले होते. त्याच वर्षी ओठाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, ती धर्मादाय रुग्ण म्हणून. २८ मार्च १९५३ रोजी कॅलिफोर्नियातल्या लोमिटा येथे, एका फिरत्या घरात, हृदयविकाराने त्याचे निधन झाले.

पदकांचा प्रश्न तो हयात असताना सुटला नाही, आणि मृत्यूनंतरही सुमारे ३० वर्षे लोंबकळत राहिला. १९५२ ते १९७२ या काळात आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष होते एव्हरी ब्रुंडेज. स्टॉकहोमला ते याच दोन स्पर्धांत थॉर्पविरुद्ध उतरले होते. पेंटाथलॉनमध्ये सहावे आणि डेकॅथलॉनमध्ये सोळावे. हौशीपणाच्या तत्त्वाचे ते कडवे पुरस्कर्ते. थॉर्पच्या बाजूने आलेली एकही विनंती त्यांनी मानली नाही. अखेर थॉर्पचे चरित्रकार रॉबर्ट व्हीलर आणि त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स रिडलन यांनी १९१२ ची ती नियमपुस्तिका शोधून काढली आणि ३० दिवसांचे कलम जगापुढे ठेवले. १९८२ मध्ये समितीने निर्णय फिरवला आणि १९८३ च्या जानेवारीत त्याच्या मुलांना पदकांच्या प्रतिकृती दिल्या. पण नोंद केली ती संयुक्त विजेता म्हणून. जो सातशे गुणांनी पुढे होता, त्याला बरोबरीत बसवण्याचा हा न्याय मोठा अजब होता. स्वतः विसलँडरनेही आपण विजेते आहोत असे कधी मानले नव्हते. त्याच्या कुटुंबीयांची आणि स्वीडनच्या ऑलिम्पिक समितीची संमती घेऊन १५ जुलै २०२२ रोजी, डेकॅथलॉन जिंकल्याला बरोबर ११० वर्षे झाली त्या दिवशी, थॉर्प दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून नोंदला गेला. २०२४ मध्ये अमेरिकेने त्याला मरणोत्तर स्वातंत्र्यपदक दिले. फुटबॉलने मात्र इतका वेळ घेतला नव्हता. १९६३ मध्ये कँटनमध्ये व्यावसायिक फुटबॉलचे ‘हॉल ऑफ फेम’ उघडले, तेव्हा पहिल्याच तुकडीत त्याचे नाव होते.

राहिला प्रश्न देहाचा. ओक्लाहोमात सॅक अँड फॉक्स जमातीचे अंत्यविधी चालू असतानाच थॉर्पची तिसरी पत्नी पॅट्रिशिया शववाहिका घेऊन आली आणि शव घेऊन गेली. स्मारकासाठी ओक्लाहोमाचे सरकार पैसा देईना, म्हणून ती दुसरी जागा शोधू लागली. पेनसिल्व्हेनियात मॉक चंक आणि ईस्ट मॉक चंक अशी कोळशाच्या धंद्यावर जगलेली दोन गावे होती. धंदा बसला होता आणि पर्यटक यावेत म्हणून त्यांना काही तरी हवे होते. सौदा झाला. १९५४ मध्ये दोन्ही गावे एक झाली आणि त्यांनी नवे नाव घेतले जिम थॉर्प. हयातीत त्याने या गावात पाऊल ठेवल्याची नोंद नाही. रस्त्यालगत लाल संगमरवरी थडगे बांधण्यात आले आणि त्याखाली ओक्लाहोमाची आणि स्टॉकहोमच्या स्टेडियमची माती घालण्यात आली. जमातीच्या श्रद्धेनुसार विधी अपुरे राहिले तर आत्म्याला विसावा नसतो. त्याच्या मुलांना ही गोष्ट आयुष्यभर डाचत राहिली. मुलगा जॅक याने २०१० मध्ये, मूळ रहिवाशांचे अवशेष परत करण्यासंबंधीच्या कायद्याचा आधार घेत, दावा दाखल केला. तो निकालाआधीच वारला. भावांनी आणि जमातीने दावा पुढे चालवला. २०१३ मध्ये जिल्हा न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. हा कायदा संग्रहालयांसाठी आहे आणि थडगे सांभाळणारे गाव म्हणजे संग्रहालय नव्हे, असे म्हणत अपील न्यायालयाने २०१४ मध्ये तो फिरवला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला आणि वा-थो-हकचा देह पेनसिल्व्हेनियातच राहिला.